अमेरिकेतली प्राचीन मातीची भांडी: संग्रह करावा का, आणि करायचा तर कसला?

निवडुंग

ॲरिझोनात राहायला आल्यापासून इथल्या जुन्या मातीच्या भांड्यांचं मला वेड लागलंय आणि हल्ली इथल्या मराठी मंडळींपैकी बरेच जण विचारतात की इस्टेट सेलमध्ये, ऑनलाइन लिलावात 'प्रीहिस्टॉरिक' म्हणून वाडगे दिसतात, घ्यावेत का? प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. ज्यांना जास्त माहिती असेल त्यांनी भर घाला.

सुरुवात मिंब्रेसपासून करते कारण माझा जीव तिथेच अडकलाय. न्यू मेक्सिकोच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात मिंब्रेस नावाची छोटी नदी आहे, तिच्या खोऱ्यात साधारण इ.स. १००० ते ११३० या काळात जे वाडगे रंगवले गेले त्यांना तोड नाही. आतून पांढरा लेप, त्यावर काळी नक्षी. कोलंबसाच्या आधी अमेरिकेत कुंभाराचं चाक नव्हतंच, त्यामुळे सगळं हाताने, वळ्या एकावर एक रचायच्या, मग आतून-बाहेरून खरवडून भिंत पातळ करायची, घोटायची. रंगवायला बहुधा युका या वाळवंटी झुडपाच्या पानाचा कुंचला, जो प्वेब्लो (इथल्या गावं करून राहणाऱ्या आदिवासी जमाती) कुंभार आजही वापरतात, पानाचं टोक चावून धागे मोकळे केले की झाला कुंचला. आणि एवढ्याशा साधनावर काठाखाली एकाला एक लागून बारीक समांतर रेघा, कुठे हात थरथरलेला नाही! मध्ये ससा, टोळ, वटवाघूळ, कासव, करकोचा, रानमेंढा, कधी माणसं. काही मासे तर अभ्यासकांनी कॅलिफोर्नियाच्या आखातातले समुद्री मासे म्हणून ओळखलेत, म्हणजे त्या डोंगराळ कोरड्या खोऱ्यातलं कुणीतरी शेकडो किलोमीटर पायी जाऊन समुद्र बघून आलं असणार.

आता मुद्द्याचं. यातल्या खूप वाडग्यांच्या बुडाला मधोमध एक छिद्र असतं. टोकदार काहीतरी घेऊन ठोकून पाडलेलं, कडेचे टवके उडालेले, कधीकधी तर नेमकं चित्रातल्या सशाच्या पोटातून आरपार. मिंब्रेस लोक आपल्या माणसाला बरेचदा घराच्याच जमिनीखाली, गुडघे छातीशी घेऊन पुरायचे आणि वाडगा चेहऱ्यावर पालथा ठेवायचे. ठेवताना हे छिद्र पाडायचे. आत्म्याला वाट मिळावी म्हणून, असं बहुतेक ठिकाणी सांगितलं जातं. विक्रेत्यांच्या भाषेत याला 'किल होल' म्हणतात आणि लिलावाच्या वर्णनात बिनदिक्कत लिहिलेलं असतं की किल होल भरून घेतलंय, बाकी पीस उत्तम. म्हणजे ती वस्तू कबरीतून आली हे विकणाराच लिहून देतोय! अख्खे मिंब्रेस वाडगे बहुतांशी दफनांतूनच आलेत. आणि त्यातले कितीतरी आतून घासलेले आहेत, म्हणजे आधी घरात वापरातले. ज्यात जेवलं, तेच शेवटी तोंडावर ठेवलं गेलं असेल.

ही गावं बरीचशी खाजगी रँचच्या जमिनीत, त्यामुळे कायद्याने कुणाला अडवता येत नव्हतं. १९६० आणि ७० च्या दशकात लोकांनी चक्क बुलडोझर आणले, वरच्या भिंती सरकवायच्या, हाडं दिसली की फावडं घ्यायचं. गलाझ नावाचं मोठं गाव होतं, तिथे मिनेसोटा विद्यापीठाने १९२९ ते १९३१ मध्ये उत्खनन केलं होतं, ते राहिलेलं गाव ७० च्या दशकात असंच सपाट झालं. त्याच सुमारास स्टीव्हन लब्लांक या पुरातत्त्वज्ञाने मिंब्रेस फाउंडेशन काढून जे वाचेल ते वाचवायचा प्रयत्न केला. न्यू मेक्सिकोत खाजगी जमिनीतल्या अनामिक कबरींना संरक्षण द्यायला १९८९ उजाडलं, ॲरिझोनात १९९०. तोपर्यंत खोऱ्यातल्या जवळपास सगळ्या मोठ्या वस्त्या उकरून झाल्या होत्या.

तर माझं स्पष्ट मत: छिद्र असलेला किंवा छिद्र भरलेला वाडगा घेऊ नये. कायदेशीर असला तरीही. बाकी काय जमवता येतं यावर खाली प्रतिसादांत लिहिते.

टपोरा_थेंब

मस्त धागा. वाचतेय.

सातवी_ओळ

माहिती छान पण मताशी सहमत नाही. मी स्वतः नाणी जमवतो, जुन्या वस्तूंच्या बाजाराशी माझा बऱ्यापैकी संबंध आहे. जे ६०-७० वर्षांपूर्वी निघालं ते निघालं, आता ते परत जमिनीत जाणार नाही. संग्राहक नसते तर यातले निम्मे वाडगे कुणाच्या तरी गॅरेजमध्ये फुटून गेले असते. जो माणूस पैसे मोजून घेतो तो निदान नीट ठेवतो. आणि म्युझियममध्ये तरी काय, तळघरात खोक्यात पडून असतात, बघायला मिळतात का कुणाला?

घाटमाथा

सातवी_ओळ, नीट ठेवण्याबद्दल वाद नाही पण वस्तू नीट राहिली म्हणजे माहिती राहिली असं होत नाही ना. मी पुण्यात पुरातत्त्वाचा विद्यार्थी होतो म्हणून आपल्याकडचं उदाहरण देतो. शिरूरजवळ घोड नदीकाठी इनामगाव आहे, डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथे उत्खनन केलं. तिथेही माणसं घराच्या जमिनीखालीच पुरलेली. लहान मुलांना दोन राखाडी मडक्यांत, मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून. मोठ्या माणसांना पुरताना पावलं तोडलेली. हे आपल्याला कसं कळलं? कुठल्या घरात, कुठल्या थरात, कुठल्या दिशेला, शेजारी काय, हे सगळं जागेवर मोजून नोंदवलं म्हणून. तीच दोन मडकी कुणी उकरून जुन्या बाजारात आणली असती तर ती दोन मडकीच राहिली असती, त्यात बाळ होतं हेही कळलं नसतं.

मिंब्रेसमध्ये हेच झालंय. सुमारे दहा हजार भांड्यांचे फोटो एका डिजिटल डेटाबेसमध्ये गोळा केलेत आणि त्यातली कितीतरी कुठल्या गावातली हेच माहीत नाही, मग स्त्रीबरोबर होतं की पुरुषाबरोबर, म्हाताऱ्याबरोबर की मुलाबरोबर हे विचारायचीही सोय नाही. चित्र उरलं, चित्राचा माणूस गेला.

निवडुंग

घाटमाथा, अगदी हेच म्हणायचं होतं. सातवी_ओळ, गॅरेजमध्ये फुटण्याचा मुद्दा समजतो पण किंमत चढते म्हणून खणलं जातं हे नाकारता येत नाही. बुलडोझरचं भाडं कुणीतरी भरत होतं, ते ज्याला वाडगा विकला त्याच्याच खिशातून.

रेशीमकिडा

आपल्याकडे अंत्यविधीला खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन चितेला फेऱ्या घालतात, प्रत्येक फेरीला त्याला अश्म्याने छिद्र पाडतात आणि शेवटी ते मागे टाकून फोडतात. बाबांच्या वेळी मीच केलं होतं. त्या मडक्याचं खापर कुणी उचलून दिवाणखान्यात मांडलं तर मला काय वाटेल एवढाच विचार मनात आला. मला तरी प्रश्नाचं उत्तर मिळालं.

ओंजळ

मी नाशिकला मातीकाम करते, मला तांत्रिक शंका आहे. उघड्यावर भाजून पांढऱ्यावर काळं कसं राहतं? आमच्याकडे उघड्या भट्टीत लोहयुक्त रंग लालच येतो.

निवडुंग

ओंजळ, एकदम बरोबर शंका. तिथेही येतो! मिंब्रेसचा रंग लोहाच्या खनिजाचाच आहे, भाजताना हवा कोंडली तर काळा राहतो आणि कुठून हवा आत शिरली की तांबूस-तपकिरी होतो. एकाच वाडग्यात एका बाजूला काळ्या रेघा आणि दुसऱ्या बाजूला त्याच रेघा विटकरी झालेल्या बघायला मिळतात, वारा कुठून लागला ते कळतं.

दुसरी पद्धत वनस्पतीच्या रंगाची, बी-वीड नावाचं एक रोप उकळून-उकळून घट्ट काढा करतात, तो लेपात मुरतो आणि भाजल्यावर कोळसा होऊन काळा दिसतो. भिंगातून बघितलं तर फरक कळतो, खनिज रंग पृष्ठभागावर बसलेला असतो, वनस्पतीचा आत झिरपून कडा जराशा धूसर होतात. आणि फिनिक्सच्या बाजूचे होहोकाम लोक आणखी वेगळे, आतून दगड धरून बाहेरून फळीने थापटत भांडं वाढवायचे, पिवळसर मातीवर लाल नक्षी.

ओंजळ

थापटणं आमच्याकडे अजून आहे, चाकावरून उतरवलेलं मडकं थापटण्यानेच मोठं करतात! आतून गोल गुंडा, बाहेरून लाकडी थापी. फारच आनंद झाला वाचून. मातीत काय मिसळतात? आम्ही लीद, राख घालतो, नाहीतर तडकतं.

निवडुंग

वाळू, दळलेला दगड, मिसिसिपी खोऱ्यात शिंपल्यांचा चुरा. आणि अकोमा प्वेब्लोत जुन्या भांड्यांची खापरं कुटून नव्या मातीत घालतात, ही प्रथा आजतागायत चालू आहे. मी तिथल्या एका आजींना ते करताना बघितलंय, पाट्यासारख्या दगडावर खापर रगडत होत्या, चाळून परत रगडत होत्या, अगदी पीठ होईपर्यंत, आणि मधूनमधून बोटांच्या चिमटीत घेऊन कचकच लागते का बघत होत्या. हजार वर्षांपूर्वीच्या भांड्यातही आधीच्या भांड्यांचा चुरा सापडतो.

पाऊलवाट

मला जरा वैयक्तिक विचारायचंय. मी कोलोरॅडोत असतो, बायको इथलीच, अमेरिकन. तिच्या आजोबांची न्यू मेक्सिकोत रँच होती आणि त्यांनी १९३० च्या आसपास आपल्याच जमिनीतून काढलेली काही भांडी आता वारशाने आमच्याकडे आलीत. एकाला ते छिद्र आहे. बायकोच्या घरच्यांसाठी ती आजोबांची आठवण आहे, कुणी चोरी केलीय असं त्यांना वाटतच नाही आणि त्या काळच्या कायद्याने तशी ती नव्हतीही. मुलगी विचारते ते भोक कसलं, मला सांगवत नाही. काय करावं?

निवडुंग

पाऊलवाट, तुमच्या घरच्यांना दोष द्यायचं काहीच कारण नाही, त्या काळी सगळेच रँचवाले करायचे. कायद्याचं मला समजतं तेवढं सांगते, पक्कं वकिलाकडून घ्या.

सरकारी आणि आदिवासी जमातींच्या जमिनीतून विनापरवाना काढलेल्या शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७९ चा पुरातत्त्व संपदा संरक्षण कायदा लागतो, त्याआधी १९०६ चा अँटिक्विटीज ॲक्ट होता. स्वतःच्या मालकीच्या जमिनीतून तेव्हा काढलेलं त्यात येत नाही. १९९० चा नागप्रा, म्हणजे कबरींतल्या वस्तू आणि अस्थी जमातींना परत करण्याचा कायदा, तो मुख्यतः सरकारी संस्था आणि सरकारी पैसा घेणाऱ्या म्युझियमना लागू. खाजगी घराला तो परत करायला भाग पाडत नाही. पण परत करायला बंदीही नाही.

मी तुमच्या जागी असते तर आधी सगळं लिहून काढलं असतं. आजोबांची रँच नेमकी कुठे, नकाशावर खूण, घरात कुणाला काय आठवतंय, जुने फोटो, पत्रं, भांड्याच्या बुडावर पेन्सिलने काही लिहिलंय का. घासूनपुसून काहीही साफ करू नका, आतला पांढरट थर क्षारांचा असतो तो तसाच राहू दे. मग होपी, झुनी, अकोमा या प्वेब्लोंची सांस्कृतिक वारसा कार्यालयं आहेत, ते मिंब्रेस लोकांना आपले पूर्वज मानतात, त्यांना साधं पत्र लिहा की असं असं आहे, तुम्हाला काय योग्य वाटतं. म्युझियमला दान करायचा विचार असेल तरी आधी हे करा, कारण आता म्युझियमही अशा वस्तू सहज घेत नाहीत. आणि मुलीला खरं सांगा, मुलांना समजतं.

सातवी_ओळ

कायद्याचं निघालंच आहे तर लोकांनी २००९ ची युटातली कारवाई लक्षात ठेवावी. ब्लँडिंग गावात आणि आसपास फेडरल एजंटांनी छापे घातले, एका खबऱ्याने दोनेक वर्षं छुपा कॅमेरा लावून सरकारी पैशाने अडीचशेवर वस्तू विकत घेतल्या होत्या, सव्वातीन लाख डॉलरच्या वर किमतीच्या. २४ जणांवर आरोप ठेवले. त्यातून दोन आरोपींनी आणि पुढे त्या खबऱ्यानेही आत्महत्या केली. फार वाईट प्रकरण होतं ते, छोट्या गावात पिढ्यान्‌पिढ्या लोक रविवारी खापरं गोळा करायला जायचे, त्यांना गुन्हा वाटतच नव्हता. मी बाजाराच्या बाजूने बोललो असलो तरी कागद नसलेली वस्तू मीही घेत नाही. 'जुना खाजगी संग्रह' एवढंच लिहिलेलं असेल तर तो कागद नव्हे.

टपोरा_थेंब

आम्ही पुढच्या वर्षी कायमचं पुण्याला परततोय. मैत्रिणीने एक जुनं भांडं भेट दिलंय, ती म्हणाली ॲनासाझी आहे. सामानात नेता येईल का?

निवडुंग

टपोरा_थेंब, आधी थांबा. डिसेंबर २०२२ मध्ये स्टॉप ॲक्ट आलाय, जमातींचा वारसा असलेल्या वस्तू आणि बेकायदा मिळवलेल्या पुरातन वस्तू देशाबाहेर न्यायला बंदी. तुमच्या मैत्रिणीला ते कुठून मिळालं याचा कागद नसेल तर विमानात न्यायचा विचारसुद्धा करू नका. आणि 'ॲनासाझी' हा शब्द प्वेब्लो लोकांना आवडत नाही, तो नावाहो लोकांनी दिलेला, हल्ली पूर्वज-प्वेब्लो म्हणतात. फोटो टाका ना, खरंच जुनं आहे का तेही बघू.

घाटमाथा

फोटो टाकाल तर बुडाचा आणि काठाचा टाका, समोरून सुंदर दिसणारा नको. बनावट भांड्यांत सगळ्यात जास्त चालणारी युक्ती म्हणजे जुनं, खरं, पण साधं बिननक्षीचं भांडं घ्यायचं आणि त्यावर ससा-मासा काढायचा, कारण चित्र असलं की किंमत कित्येक पट. तेव्हा मातीचं वय तपासून काही उपयोग नाही, माती खरीच असते. अतिनील दिव्याखाली धरलं की नंतरचा रंग आणि भरलेला भाग वेगळा चमकतो. रेघ झिजेवरून गेलीय की झिजेखालून हे भिंगातून बघायचं, झिजलेल्या जागेवरून रेघ ताजी गेली असेल तर ती नंतरची.

पाऊलवाट

धन्यवाद निवडुंग. बायकोला वाचून दाखवलं, भाषांतर करत. पत्र लिहायला ती तयार आहे, तिच्या मावशीशी आधी बोलणार आहे.

चांदणभूल

इथे खगोलवाल्यांसाठी एक. मिंब्रेसचा एक प्रसिद्ध वाडगा आहे, गलाझचाच, मिनेसोटा विद्यापीठाच्या उत्खननातून आलेला. चंद्रकोरीसारखा वाकलेला ससा आणि त्याच्या पायाशी २३ किरणांचा गोळा. १०५४ साली वृषभ राशीत जो तारा फुटला, ज्याचा आज खेकडा तेजोमेघ दिसतो, तो चिनी नोंदींप्रमाणे २३ दिवस भर दिवसा दिसत होता. म्हणून काही संशोधक म्हणतात हे त्याचंच चित्र. सगळ्यांना मान्य नाही, पण काळ जुळतो. आणि चंद्रावर ससा तिकडे मेक्सिकोतही बघतात, आपल्यासारखाच.

ओंजळ

अंगावर काटा आला. पण मग निवडुंगताई, कबरीतलं घ्यायचं नाही तर तुम्ही जमवता काय? ते राहिलंच.

निवडुंग

सांगते, मला सगळ्यात आवडता भाग. मी हयात कुंभारांकडून घेते. आणि हा दुय्यम पर्याय नाही, हे मी अगदी मनापासून म्हणतेय, कारण जुन्या भांड्यांवरची नक्षी जिवंत आहे ती यांच्याच हातात.

होपींच्या फर्स्ट मेसावर (मेसा म्हणजे सपाट माथ्याचा डोंगर) नाम्पेयो नावाची कुंभारीण होती. १८९५ मध्ये फ्यूक्स या पुरातत्त्वज्ञाने जवळच्या सिक्यात्की या जुन्या गावाचं उत्खनन केलं, तिचा नवरा तिथे कामाला होता, ती खापरांवरची नक्षी बघायची, उतरवायची. तिने ती माती, तो पिवळा रंग, ते पक्ष्यांचे पंख परत आणले आणि तिच्या पणत्या-नाती आजही करतात. अकोमाच्या लूसी लुईसने मिंब्रेसची जनावरं आपल्या भांड्यांवर घेतली. मेक्सिकोत चिवावा राज्यात माता ओर्तीझ नावाचं गाव आहे, पाकिमे या मोठ्या जुन्या शहराच्या अवशेषांजवळ. तिथल्या ह्वान केसादा या मुलाला लाकडं गोळा करताना खापरं सापडायची, शिकवणारं कुणी नाही, त्याने स्वतःच माती शोधली, रंग शोधले, कुंचला केला माणसाच्या केसांचा. १९७६ मध्ये त्याची भांडी न्यू मेक्सिकोत एका जुन्या सामानाच्या दुकानात स्पेन्सर मॅकॅलम या माणसाला दिसली, कुणी केली ते शोधत तो गावापर्यंत पोचला. १९९९ ला केसादाला मेक्सिकोचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आज त्या गावातली कितीतरी घरं भांड्यांवर चालतात.

घेताना काय बघायचं: बुडावर सही, गावाचं नाव. हाताने वळलंय की साच्यात ओतलंय, आत हात घालून बघा, वळलेल्याची भिंत बोटाला खालीवर लागते. उघड्यावर भाजलंय की विजेच्या भट्टीत, हे विचारलं तर कुंभार सरळ सांगतात आणि किमतीतही फरक असतो. टिचकी मारून ऐकायचं, अर्थात विचारूनच. अमेरिकेत इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स ॲक्ट आहे, १९९० चा, त्याप्रमाणे दुसऱ्याने केलेलं आदिवासी कलाकाराच्या नावावर विकणं गुन्हा आहे, त्यामुळे पावतीवर कलाकाराचं नाव आणि जमात लिहून मागायला लाजू नका.

जुनं बघायचं असेल तर टुसॉनला ॲरिझोना स्टेट म्युझियम आहे, नैर्ऋत्येकडच्या अख्ख्या भांड्यांचा सगळ्यात मोठा संग्रह, वीस हजारांच्या आसपास. ड्रॅगूनला अमेरिंड म्युझियम, ज्यांनी पाकिमेचं उत्खनन केलं. फिनिक्सकरांना सेदाव वाआकी, पूर्वी प्वेब्लो ग्रान्डे म्हणायचे ते. फक्त जायच्या आधी फोन करा, जानेवारी २०२४ पासून नागप्राचे नियम कडक झालेत, जमातीच्या परवानगीशिवाय अशा वस्तू मांडता येत नाहीत, कित्येक म्युझियमनी काचपेट्या झाकल्यात. मला हे योग्यच वाटतं.

चांदणभूल

न्यू मेक्सिकोतल्या चाको कॅन्यनच्या नळकांड्यासारख्या उंच भांड्यांचं कुणी लिहिलं नाही! तिथल्या प्वेब्लो बोनितो या जुन्या मोठ्या इमारतीच्या एका खोलीत शंभराहून जास्त सापडली होती, कशासाठी ते शंभर वर्षं कळत नव्हतं. २००९ मध्ये पॅट्रिशिया क्राउन आणि जेफ्री हर्स्ट यांनी खापरांच्या आत मुरलेले अंश तपासले तर कोको निघाला. कोको तिथून दोन हजार किलोमीटर दक्षिणेला उगवतो. मुद्दाम सांगतो कारण ती साधी, बिनकिमतीची खापरं होती, रेकॉर्डसकट जपून ठेवलेली, धुऊन चकचकीत केली असती तर हेही गेलं असतं.

ओंजळ

माता ओर्तीझचं छोटं भांडं इकडे मागवायचं असेल तर फुटणार नाही का? पातळ असतात म्हणे.

निवडुंग

खूपच पातळ, बोटाने दाबायचीही भीती वाटते. कुरियरने नको. डिसेंबरात मी येतेय, हातातल्या बॅगेत आणते. आत कागदाचे सैल बोळे, बाहेरून कपडे, आणि काठावर अजिबात दाब नको. काळं घोटीव हवं की रंगीत ते कळवा, आणि तुमच्या थापीचा एक फोटो पाठवा, मला अकोमाच्या आजींना दाखवायचाय.